जॉन वेन : वर्तुळांमागचा माणूस

नववीला ‘संच’ शिकवताना आपण वेन आकृती काढतो. पण ती मुळात कशासाठी होती, हे मुलांना सांगता का? (मीही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.)

जॉन वेन यांचा जन्म 1834 साली इंग्लंडमधील हल येथे, धर्मोपदेशकांच्या घराण्यात झाला. तेही धर्मोपदेशक झाले. पण केंब्रिजला तर्कशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे विचार बदलले आणि 1883 मध्ये त्यांनी ते पद सोडलं.

ऑयलर यांची वर्तुळं आधीपासून होतीच. 1880 मध्ये वेन यांनी तीन वर्तुळं एकमेकांत अडकवून सगळ्या शक्यता आधीच मांडल्या. दिलेल्या दोन विधानांनी जो भाग रिकामा ठरेल, तो रेघांनी भरायचा. निष्कर्ष मात्र काढायचा नाही. तो आपोआप दिसला तरच युक्तिवाद वैध.

करून बघा. सर्व हुशार मुलं प्रश्न विचारतात. आमची सर्व मुलं प्रश्न विचारतात. म्हणून आमची सर्व मुलं हुशार? आकृतीत ‘प्रश्न विचारणारी, पण हुशार नसलेली आमची मुलं’ हा कप्पा कोराच राहतो! निष्कर्ष अवैध. पालकांनो, रागावू नका. मुलं हुशार नाहीत, असंही यातून ठरत नाही.

वेन यांनी क्रिकेटचा चेंडू टाकणारं यंत्रही बनवलं होतं. 1909 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन संघातल्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला. 1923 मध्ये केंब्रिज येथे त्यांचं निधन झालं.