कृष्णाकाठचा लोकप्रतिनिधी : यशवंतराव चव्हाण

लोकप्रतिनिधीचे मोठेपण बहुधा त्याने भूषविलेल्या पदांवरून मोजले जाते. ज्यांनी त्याला निवडून दिले, त्यांच्यापुढे तो पुनःपुन्हा कसा उभा राहिला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहिले असता एक वेगळेच चित्र समोर येते. १९४६ ते १९८० या चौतीस वर्षांत ते नऊ वेळा मतदारांकडून निवडून आले. त्यांतील काही विजय सहज लाभले, तर काहींसाठी त्यांना आपली सारी पुण्याई पणाला लावावी लागली.

बालपण व संस्कार

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे यशवंतरावांचे जन्मगाव आज सांगली जिल्ह्यात, तर त्यांची कर्मभूमी कराड सातारा जिल्ह्यात आहे. या दोन्ही जिल्ह्यांना ते सारख्याच आपुलकीने आपले वाटतात, याचे हे एक कारण होय.

वडील बळवंतराव यांचे छत्र बालपणीच हरपले. आई विठाबाई यांना अक्षरओळख नव्हती, परंतु मुलांनी शिकलेच पाहिजे याविषयी त्या ठाम होत्या. थोरले बंधू ज्ञानोबा यांनी नोकरी पत्करून संसाराचा भार उचलला, तर मधले बंधू गणपतराव यांनी धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी आपल्या आकांक्षा बाजूला ठेवल्या. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असताना एका शिक्षकांनी मुलांना, मोठेपणी तुम्ही कोण होणार, असे विचारले. कोणी या थोर पुरुषाचे, तर कोणी त्या थोर पुरुषाचे नाव सांगितले. यशवंताने मात्र आपण यशवंतराव चव्हाणच होणार, असे उत्तर दिले. ही आठवण त्यांनी पुढे ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात नमूद केली आहे.

१९३२ साली स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या वेळी ते शाळकरी विद्यार्थीच होते. माफी मागितल्यास सुटका होऊ शकेल असे सुचविण्यात आले, तेव्हा विठाबाईंनी ती सूचना साफ नाकारली व मुलाला केवळ प्रकृती सांभाळण्यास सांगितले. तुरुंगातील वाचनाने व ज्येष्ठ सत्याग्रहींच्या सहवासाने यशवंतरावांच्या विचारांना दिशा मिळाली.

पहिली निवडणूक : दुसऱ्यासाठी

यशवंतरावांनी निवडणुकीचा पहिला अनुभव घेतला तो स्वतःसाठी नव्हे. १९३७ मध्ये प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. मताधिकार मर्यादित होता आणि जिल्ह्यातील काँग्रेसची सूत्रे प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित मंडळींच्या हाती होती. ग्रामीण भागातील शेतकरी समाजाचा प्रतिनिधीही कायदेमंडळात गेला पाहिजे, असा आग्रह यशवंतराव व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी धरला. बोरगावचे आत्माराम पाटील यांना उमेदवारी मिळावी म्हणून त्यांनी थेट वरिष्ठ नेत्यांपर्यंत धाव घेतली. उमेदवारी मिळाली, तरुणांनी गावोगावी प्रचार केला आणि आत्माराम पाटील विजयी झाले. ज्यांना आजवर कोणी विचारले नव्हते, त्यांच्या दारी जाऊन मत मागता येते, हा धडा यशवंतरावांनी या निवडणुकीत गिरविला.

१९३८ मध्ये ते पदवीधर झाले व १९४१ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत ‘चले जाव’ चळवळीचा वणवा पेटला आणि यशवंतराव भूमिगत झाले. त्यांचा ठावठिकाणा लागत नसल्याने पोलिसांनी नवविवाहित वेणूताईंना अटक केली. त्यांची प्रकृती ढासळली ती पुढे पूर्णपणे कधीच सुधारली नाही. याच धामधुमीत ज्ञानोबांचेही निधन झाले. राजकारणाची किंमत घरातील माणसांना मोजावी लागते, ही जाणीव यशवंतरावांना अगदी आरंभीच झाली.

१९४६ मध्ये ते दक्षिण साताऱ्यातून मुंबई कायदेमंडळावर निवडून आले व गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. पुढच्याच वर्षी गणपतरावही गेले. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तीत यशवंतराव कराडमधून विधानसभेवर गेले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात पुरवठा खात्याचे मंत्री झाले.

१९५७ : अग्निपरीक्षा

यशवंतरावांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत कठीण काळ संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने आणला. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, अशी त्यांचीही इच्छा होती. परंतु ते पक्षाच्या व पंडित नेहरूंच्या विरोधात जाऊन मिळवावे, हे त्यांना मान्य नव्हते. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करावयाची झाल्यास आपण नेहरूंना अधिक मोठे मानू, अशा आशयाची भूमिका त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये फलटण येथे मांडली. या भूमिकेने महाराष्ट्र दुखावला गेला. मुंबईत झालेल्या गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती आणि ज्या सरकारच्या काळात हे घडले, त्यात यशवंतराव मंत्री होते. त्यांच्यावर फितुरीचा आरोप झाला, निषेधाच्या सभा झाल्या. जनतेचा तो रोष अकारण होता असे म्हणता येणार नाही.

ऑक्टोबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी काँग्रेस विधिमंडळ पक्षात निवडणूक झाली. यशवंतरावांनी भाऊसाहेब हिरे यांचा ३३३ विरुद्ध १११ मतांनी पराभव केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते मुख्यमंत्री झाले. मात्र आमदारांचा कौल मिळाला, तरी जनतेचा कौल अद्याप मिळावयाचा होता.

तो १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मिळाला. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा दारुण पराभव केला. खुद्द साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले. १९४२ च्या लढ्यात ज्यांच्याबरोबर एकाच ध्येयासाठी झगडलो, त्यांच्याच विरोधात मत मागण्याची वेळ यशवंतरावांवर आली होती. कराडमध्ये त्यांचा विजय झाला, पण अगदी थोडक्या मतांनी. गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेस सत्तेवर राहिली. परंतु आपल्याच माणसांनी दिलेला इशारा यशवंतरावांना स्पष्टपणे ऐकू आला.

येथेच त्यांचे वेगळेपण दिसून येते. पराभवाच्या कडेवरून परतलेला सत्ताधीश एकतर सूड उगवतो किंवा कानांवर हात ठेवतो. यशवंतरावांनी यांपैकी काहीही केले नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते झाले. त्या वेळी समितीने प्रचंड निदर्शने केली. घाटाच्या दुतर्फा उभा असलेला तो विराट जनसमुदाय पंतप्रधानांनी स्वतः पाहिला. निदर्शकांवर बळाचा वापर न होता तो दिवस शांततेत पार पडला. द्वैभाषिक राज्य लोकांच्या मनात रुजलेले नाही, हे पुढे यशवंतरावांनी दिल्लीतील नेत्यांना पटवून दिले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. हे राज्य आंदोलकांच्या त्यागाने मिळाले हे निर्विवाद आहे. तरीही मतपेटीतून आलेला कौल मानणारा मुख्यमंत्री त्या वेळी लाभला, हेही विसरता येत नाही.

मतांची परतफेड

मुख्यमंत्रिपदाच्या सहा वर्षांत त्यांनी केलेल्या कार्याचा ठसा आजही दिसतो. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. नवदीक्षित बौद्धांना सवलती मिळाल्या. अल्प उत्पन्न गटातील पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळू लागली व खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना महाविद्यालयाचे दार उघडले. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ व कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. साताऱ्यात १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यरत झाल्या आणि सत्तेचा काही वाटा मुंबईहून जिल्ह्याच्या गावी आला. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. कराड उत्तरमधून यशवंतराव पुन्हा आमदार झाले. पाच वर्षांपूर्वी ज्या जनतेने पाठ फिरविली होती, तिनेच त्यांना जवळ केले.

दिल्ली आणि उतरणीचा काळ

त्याच वर्षी चीनने आक्रमण केले. संरक्षणमंत्री म्हणून नेहरूंनी यशवंतरावांना पाचारण केले. १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६७ पासून मात्र सातारा हाच त्यांचा मतदारसंघ राहिला. गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. तथापि १९६९ मधील पक्षफुटीच्या वेळी त्यांची भूमिका बदलली आणि आणीबाणीच्या काळात ते मंत्रिमंडळात राहिले. या दोन्ही गोष्टींबद्दल त्यांच्यावर टीका झाली. कुंपणावर बसणारा नेता, असेही त्यांना म्हटले गेले. १९७७ मध्ये ते लोकसभेतील विरोधी पक्षनेते, तर १९७९ मध्ये चरणसिंग यांच्या अल्पजीवी सरकारात उपपंतप्रधान झाले.

१९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींची लाट आली. महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. यशवंतराव ज्या पक्षात होते, त्या अरस काँग्रेसचा राज्यातून एकच खासदार निवडून आला व तो साताऱ्याचा होता. दिल्लीत त्यांचे राजकीय वजन उरले नव्हते, पक्ष विखुरला होता, तरी कृष्णाकाठच्या मतदारांनी आपल्या माणसाला एकटे पडू दिले नाही. पुढच्याच वर्षी ते इंदिरा गांधींच्या पक्षात परतले. ज्या चिन्हाविरुद्ध मतदारांनी त्यांना कौल दिला होता, त्याच पक्षात ते गेले, ही गोष्ट अनेकांच्या जिव्हारी लागली. तेथेही त्यांना पूर्वीचा मान मिळाला नाही. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद तेवढे वाट्याला आले.

१ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. या दांपत्याला अपत्य नव्हते. एकाकी झालेल्या यशवंतरावांनी आत्मचरित्राचा पहिला खंड पूर्ण केला. तो त्यांच्या मुंबईला प्रयाण करण्यापर्यंतच्या आठवणींपाशी थांबतो. पुढचे खंड लिहावयाचे राहूनच गेले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांची प्राणज्योत मालवली. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, आपल्याच मतदारांच्या साक्षीने, ते अनंतात विलीन झाले.

यशवंतराव निर्दोष नव्हते. त्यांच्या काही निर्णयांचे समर्थन त्यांच्या चाहत्यांनाही करता येत नाही. परंतु लोक रागावले असता त्यांच्यापासून दूर न पळता त्यांच्यासमोर उभे राहणे, त्यांचा निकाल नम्रपणे स्वीकारणे व त्याप्रमाणे आपली वाट सुधारणे, हा गुण त्यांनी १९५७ मध्ये दाखविला. मत देणाऱ्याने प्रतिनिधीला जाब विचारावा आणि प्रतिनिधीने तो ऐकावा, या साध्या नात्यावरच लोकशाही उभी आहे. प्रीतिसंगमावरील त्या समाधीपुढे नतमस्तक होताना या नात्याचे स्मरण आपण सर्वांनी ठेवावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.