‘बायोस’चा जनक

आमचा जुना संगणक सुरू करताना पडद्यावर ‘बायोस’ ही अक्षरं दिसली, की मला गॅरी किल्डॉल आठवतो. १९४२ साली सिएटलमध्ये जन्मलेला हा माणूस माँटेरीला नौदलाच्या संस्थेत शिकवायचा. १९७४ मध्ये त्यानं ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली सिद्ध केली. कळ दाबताच रॉममधला चिमुकला प्रोग्राम जागा होतो आणि फ्लॉपीवरची प्रणाली स्मृतीत आणू लागतो. पण प्रत्येक यंत्राची तऱ्हा निराळी! किल्डॉलनं यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला, तोच बायोस. नव्या यंत्रासाठी मग तेवढाच पुन्हा लिहायचा.

१९८० मध्ये आयबीएमशी त्याचं जमलं नाही. त्याच्याच धर्तीवरची प्रणाली मायक्रोसॉफ्टनं पुरवली. त्या दिवशी तो मौजेखातर विमान उडवत होता म्हणे! मला हे पटत नाही. तो कामासाठीच गेला होता. १९९४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, माँटेरीतच तो गेला.