फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो : परक्या देशाची रीत शिकणारा अधिकारी

निरनिराळ्या देशांतील माणसांना बरोबर घेऊन काम कसे करावे, हा प्रश्न आज परदेशी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे नित्य उभा असतो. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी तोच प्रश्न एका येशूसंघीय धर्मगुरूंपुढे उभा राहिला होता. त्या फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो यांच्या जीवनकार्याची ओळख आपण करून घेऊ या.

इटलीतील किएती येथे १५३९ साली त्यांचा जन्म झाला. पादुआ येथे त्यांनी कायद्याचे उच्च शिक्षण घेतले. तारुण्यात ते तापट होते; एका स्त्रीला जखमी केल्याच्या आरोपावरून व्हेनिसमध्ये त्यांना कारावासही घडला. पुढे त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली आणि १५६६ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १५७३ साली पूर्वेकडील मिशनांचे निरीक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि पुढील वर्षी सप्टेंबरमध्ये ते गोव्यास पोहोचले.

१५७९ साली ते जपानला गेले. तेथील प्रमुख फादर फ्रान्सिस्को काब्राल कष्टाळू होते. परंतु जपानी माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. जपानी बंधूंना दुय्यम वागणूक मिळे, त्यांना लॅटिन शिकविण्यास काब्राल यांचा विरोध असे. त्यामुळे एकाच छपराखाली दोन तट पडले होते. वालिन्यानो यांनी ठिकठिकाणी विचारविनिमयाच्या सभा घेतल्या आणि त्यानंतर नवे नियम घालून दिले. युरोपियन धर्मगुरूंनी जपानी भाषा शिकावी, तेथील शिष्टाचार पाळावेत, पाहुण्यांसाठी घरात चहापानाची खोली असावी, जपानी बंधूंना समान वागणूक मिळावी, असे त्यांनी ठरविले. १५८० साली आरिमा व आझुची येथे जपानी मुलांसाठी सेमिनरी सुरू झाल्या. काब्राल यांच्या जागी नवे प्रमुख नेमले गेले.

१५८२ साली चार जपानी तरुण त्यांच्या योजनेनुसार युरोपला निघाले आणि १५८५ साली रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांना भेटले. युरोपने जपान पाहावा आणि जपानने युरोप, हा त्यामागील हेतू होता. चीनच्या बाबतीतही फादर रुज्जिएरी व फादर मात्तेओ रिची यांना त्यांनी प्रथम चिनी भाषा शिकावयास लावली.

मात्र या थोर पुरुषाची एक मर्यादा आम्हा भारतीयांना सलल्यावाचून राहत नाही. जपानी व चिनी लोकांना त्यांनी दिलेला मान भारतीयांच्या वाट्याला आला नाही. भारतीयांच्या क्षमतेविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते, आणि त्यांना येशूसंघात घेण्यास ते अनुकूल नव्हते. ज्या पूर्वग्रहाला त्यांनी जपानमध्ये दूर सारले, तोच भारतात त्यांच्या मनात राहिला. एका देशात शिकलेला धडा दुसऱ्या देशात आपोआप उपयोगी पडत नाही. तो तेथे नव्याने शिकावा लागतो.

१६०१ साली नागासाकी येथे सेबास्तियन किमुरा व आणखी एका जपानी बंधूंना गुरुदीक्षा मिळाली. ते पहिले जपानी येशूसंघीय धर्मगुरू होत. २० जानेवारी १६०६ रोजी मकाव येथे वालिन्यानो यांचे निधन झाले.

परप्रांतात अथवा परदेशात अधिकारपदावर जाणाऱ्या आपल्या तरुणांनी त्यांचे मोठेपण आणि त्यांची उणीव, दोन्ही ध्यानात ठेवावीत, असे आम्हांस वाटते.