अन्न, औषध आणि विनोबा

महालातून वर्ध्याच्या रस्त्याला लागले की सुमारे सत्तर किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनार लागते. आचार्य विनोबा भावे १९३८ साली येथे आले ते प्रकृती सुधारण्यासाठी. वजन ८८ पौंडांवर उतरले होते. गांधीजींच्या आग्रहामुळे त्यांनी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात मुक्काम केला आणि मोकळ्या हवेत खणण्याचे काम करीत शरीर सावरले. पुढे हेच त्यांचे परमधाम झाले.

कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा १९१६ मध्ये गांधीजींकडे गेले, १९२१ मध्ये वर्ध्याला आले. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात १९२३ साली त्यांना अटक झाली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि त्यानंतरची अनेक वर्षे पायी चालण्यात गेली. पोटातील व्रणाचा विकार तेव्हाही सोबत होताच. त्यामुळे दूध-दह्याचा मोजका आहार हेच त्यांचे पथ्य होते. ज्याला लोक विरक्ती समजत, त्यात आरोग्याचा हिशेबही होता.

१९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडिल येथे त्यांना घातक हिवताप झाला. औषध घेण्यास त्यांनी नकार दिला. परंतु वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या व नेत्यांच्या विनवण्यांनंतर तो मागे घेतला. विनोबा बरे झाले, यात्रा पुढे चालू राहिली.

तीस वर्षांनी मात्र तसे घडले नाही. ५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले. वयाची सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही वर्ज्य केले. डॉक्टरांच्या हाती साधन नव्हते असे नाही. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या नाकातून जठरात नळी घालून पातळ अन्न देण्याची पद्धत तेव्हा जुनीच होती. शिरेतून सलाईन देता येत होते. पोटाला लहानसे छिद्र पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने थेट जठरात नळी बसविण्याची क्रियाही १९७९ साली अमेरिकेत प्रथम झाली होती. पण ही सारी साधने गिळू न शकणाऱ्यासाठी. येथे रुग्ण शुद्धीवर होता आणि घ्यायचे नाही, असे त्याने ठरविले होते. चांडिलच्या वेळी पुढचे काम बाकी होते, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अत्यवस्थ रुग्णाच्या अशा इच्छेला कायद्यात तेव्हा स्पष्ट स्थान नव्हते. कृत्रिम उपचार नाकारण्याची इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती ९ मार्च २०१८ रोजी. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नळी घालावी की नाही, या प्रश्नाने अडखळणाऱ्या कुटुंबांना आता निदान कागदाचा आधार आहे.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास विनोबांचे निधन झाले. धामच्या काठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.