दादासाहेब फाळके: वाटाण्याच्या रोपाने मिळवून दिलेलं भांडवल

मोबाईलवर टाइमलॅप्स किंवा स्टॉप मोशन व्हिडिओ तुम्ही कधीतरी बनवलाच असेल. आपल्या अहिल्यानगरला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाने हीच ट्रिक १९१२ साली वापरली होती. तेव्हा त्याचं सगळं भवितव्य त्यावर अवलंबून होतं.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब, ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग असं सगळंच त्यांना येत होतं. पुढे छापखान्याची भागीदारी सुटली. त्याच सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपणही सिनेमा काढायचा, हे पक्कं ठरवलं. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. मग विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

पण सिनेमाला भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोड्या थोड्या फ्रेम्स घेतल्या. पडद्यावर अंकुर फुटून वेल झरझर वर चढताना दिसला. हीच ‘अंकुराची वाढ’. ती पाहून त्यांना कर्ज मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला.

ही ट्रिक चालते कशी?

प्रत्येक फ्रेम म्हणजे एक स्थिर फोटो. फोटो भराभर बदलले की आपल्याला हालचाल दिसते. दोन फोटोंमध्ये वस्तू थोडीच सरकली तर चाल हळू वाटते, जास्त सरकली तर वेगवान. ॲनिमेशनमध्ये याला स्पेसिंग म्हणतात. १९१५ मध्ये दादासाहेबांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांना असंच हलतं केलं.

तुम्हीही करून बघा

फोन स्टँडवर घट्ट बसवा. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर व्हिडिओ लुकलुकेल. सेकंदाला १२ फोटो धरले तर ५ सेकंदांसाठी ६० फोटो लागतील. सुरुवातीला आणि शेवटी काडी अगदी थोडी सरकवा, मधे जास्त. खरी वस्तूही हळू सुटते, वेग घेते आणि हळू थांबते. हे जमलं की काडी ढकलल्यासारखी न वाटता स्वतःहून चालल्यासारखी वाटते.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेले. त्यांच्याकडे एडिटिंग ॲप नव्हतं. चुकलेली फ्रेम डिलीट करायची सोयही नव्हती. रोप मधेच वाळलं असतं, तर पुन्हा बी पेरण्यापासून सुरुवात करावी लागली असती.