मार्कोनी आणि आकाशातील वाटा

सायंकाळी कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी एकेक स्थानके घेत जाते. डब्यात पाय ठेवावयास जागा नसते. तरी त्या दाटीतही अनेक प्रवासी एकाच वेळी मोबाईलवर बोलत असतात. उल्हासनगरचा व्यापारी कापडाचा भाव विचारीत असतो, अंबरनाथच्या कारखान्यातील कामगार पाळी संपल्याचे घरी कळवीत असतो, बदलापूरची विद्यार्थिनी आईशी बोलत असते. सर्वांचे शब्द एकाच आकाशातून जातात, पण एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळत नाही. आकाशाची ही वाटणी व्यवहारात आणणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत गुग्लिएल्मो मार्कोनी याचे नाव ठळक आहे. मात्र ज्याने वाटणीची युक्ती सिद्ध केली, त्याच्याच कंपनीने इतरांना वाटा देण्याचे पुष्कळ दिवस नाकारले, हेही त्याच्या चरित्रात वाचावयास मिळते.

मार्कोनीचा जन्म इटलीतील बोलोन्या नगरात २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. वडील सधन जमीनदार होते, आई आयर्लंडची होती. विद्यापीठाची पदवी त्याने कधी मिळविली नाही. परंतु हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या विद्युत्-चुंबकीय लहरींविषयी वाचून त्याला त्यांचा ध्यास लागला. १८९५ साली त्याने आपल्या गावच्या घरातून टेकडीपलीकडे बिनतारी संकेत पाठविला. संकेत पोहोचल्याची खूण म्हणून त्याच्या भावाने पलीकडून बंदुकीचा बार काढला. याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस अशाच लहरींवर प्रयोग करीत होते. बोसांचे मन ज्ञानात रमले होते. मार्कोनीची दृष्टी पहिल्यापासून व्यवहाराकडे होती. १८९६ साली तो आईसह इंग्लंडला गेला, तेथे त्याने पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी कंपनी स्थापन केली.

लवकरच एक मोठी अडचण पुढे आली. त्या काळी विजेची ठिणगी पाडून लहरी उत्पन्न करीत. या लहरी एकाच जातीच्या नसत, त्यांचा पसारा फार मोठा असे. एक केंद्र बोलू लागले की आसपासच्या सर्व केंद्रांना त्याचेच संकेत ऐकू येत. दोन केंद्रे एकदम बोलू लागली की कोणालाच काही उमगत नसे. तंबोऱ्याच्या दोन तारा एका स्वरात मिळविल्या आणि एक छेडली, तर दुसरी आपोआप झंकारते. भिन्न स्वरात लावलेली तार मात्र स्तब्ध राहते. विजेच्या मंडलांनाही असेच स्वरात लावता येते, हे तत्त्व ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडले होते. मार्कोनीने पाठविणाऱ्या व घेणाऱ्या यंत्रांतील चारही मंडले एका कंपनसंख्येवर जुळविली आणि २६ एप्रिल १९०० रोजी त्यासाठी अर्ज केला. हेच त्याचे ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट होय. त्याच वर्षी वाइट बेटावरून सुमारे पन्नास किलोमीटर दूर दोन संदेश एकाच वेळी पाठविण्यात आले, एक इंग्रजीत व एक फ्रेंचमध्ये; आणि एकाच उंच तारेला जोडलेल्या दोन यंत्रांवर ते वेगवेगळे, निर्दोष उतरले. या श्रेयाचा वाद मात्र पुढे बराच चालला. १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील पेटंटमधील महत्त्वाचे दावे पूर्वीच्या संशोधकांमुळे रद्द ठरविले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधून निघालेला संकेत आपण न्यूफाउंडलंड येथे पतंगाला बांधलेल्या तारेवर ऐकल्याचे मार्कोनीने जाहीर केले. त्याची कीर्ती जगभर पसरली.

परंतु त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ शिडांच्या नौकांची शर्यत झाली, तेव्हा बातम्या पाठविणाऱ्या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे संकेत एकमेकांत मिसळून गोंधळ माजला. मार्कोनीच्या कंपनीचे धोरण असे होते की, संकटाचा प्रसंग वगळता दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आलेला संदेश आपल्या केंद्राने घेऊ नये. समुद्रावरील जहाजांनी एकमेकांशी बोलावे की नाही, हे यंत्राच्या मालकाने ठरवावे काय? या प्रश्नावर १९०३ साली बर्लिन येथे अनेक राष्ट्रांची परिषद भरली. १९०६ च्या करारात यंत्र कोणाचेही असो, जहाज व किनारा यांच्यातील संदेश स्वीकारलाच पाहिजे, असे ठरले. मार्कोनीच्या कंपनीला हे मुळीच रुचले नाही.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री काय घडले ते पाहावे. टायटॅनिक जहाजाचा यंत्रचालक प्रवाशांचे खासगी संदेश दूरच्या केंद्राला पाठविण्यात गढला होता. जवळच हिमात अडकून थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने हिमाची सूचना पाठविली. जवळून आलेला तो जोरदार संकेत आपल्या कामात व्यत्यय आणतो, म्हणून टायटॅनिकच्या चालकाने त्याला गप्प बसावयास सांगितले. कॅलिफोर्नियनचा चालक थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपी गेला आणि त्यानंतर टायटॅनिक हिमनगावर आदळले. दोन्ही चालक मार्कोनीच्याच कंपनीचे होते. पंधराशेहून अधिक माणसे बुडाली. बिनतारी हाक ऐकून दुरून धावून आलेल्या कार्पेथिया जहाजाने सुमारे सातशे जणांना वाचविले. लहरींचा वापर कोणी व कसा करावा, याचे नियम त्यानंतर अधिक कडक झाले.

उत्तरायुष्यात मार्कोनी लघुलहरींकडे वळला. या लहरी एका दिशेने झोताप्रमाणे सोडण्याची त्याच्या कंपनीची पद्धत १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्ये सुरू झाली. त्यासाठी खडकी व दौंड येथे केंद्रे उभारली होती. बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग पुढे घाट चढून त्याच गावांना जातो. लहरी सर्वत्र उधळण्याऐवजी हव्या तेवढ्याच जागेत ठेवल्या, की त्याच लहरी दुसरीकडे दुसऱ्याला वापरता येतात. मोबाईलच्या मनोऱ्यांची शक्तीही म्हणूनच मर्यादित असते, आणि उल्हासनगरातील लहरी काही अंतरावर बदलापुरात पुन्हा कामी येतात. मोबाईल कंपन्यांना आपापल्या लहरी ठरावीक नियमांनुसार एकत्र वापरण्याची मुभा भारत सरकारने २०१५ साली दिली.

१९०९ साली ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञासह मार्कोनीला नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाला. त्याच्या थोरवीला हे शोभले नाही. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्याचे निधन झाले. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधील आणि इतर देशांतील अनेक बिनतारी केंद्रांनी आपले संदेश दोन मिनिटे बंद ठेवले.