गणेश दामोदर सावरकर

गणेश दामोदर सावरकर ऊर्फ बाबाराव सावरकर (जन्म : भगूर, नाशिक जिल्हा, १३ जून १८७९, मृत्यू : सांगली, १६ मार्च १९४५) हे भारतीय क्रांतिकारक व मराठी लेखक होते. विनायक दामोदर सावरकर आणि नारायणराव सावरकर हे त्यांचे धाकटे बंधू होत. १९०६ मध्ये विनायकराव इंग्लंडला गेल्यावर नाशिकमधील अभिनव भारत संघटनेच्या कामाची धुरा बाबारावांनी वाहिली.

खटला

'लघु अभिनव भारतमाला' ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांच्यावर १९०९ मध्ये खटला भरण्यात आला. भारतीय दंड संहितेचे कलम १२४-अ (राजद्रोह) आणि कलम १२१ (राजाविरुद्ध युद्ध करणे किंवा त्यास चिथावणी देणे) त्यांना लावण्यात आले. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून जन्मठेप, काळे पाणी आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा दिली.

अपील

या शिक्षेविरुद्धच्या अपिलाची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर व हीटन यांच्यासमोर झाली. कलम कोणते, हाच कळीचा प्रश्न होता. राजद्रोहाच्या कलमाखाली कमी मुदतीची शिक्षा देता येत असे; १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. कलम १२१ मध्ये मात्र फाशी किंवा जन्मठेप यांखेरीज पर्याय नव्हता.

मराठी जाणणाऱ्या चंदावरकरांनी कवितांतील देवदेवता व शिवाजी महाराज यांच्या उल्लेखांतून चालू सरकारविरुद्ध युद्धाचाच उपदेश केला आहे, असा निष्कर्ष काढला. केवळ भावना भडकावणे हा राजद्रोह. स्पष्टपणे कृतीस प्रवृत्त करणे ही युद्धाची चिथावणी, असा भेद हीटन यांनी केला. प्रत्यक्ष युद्ध घडले नसले तरी चिथावणीचा गुन्हा पूर्ण होतो, असे ठरले. नोव्हेंबर १९०९ मध्ये अपील फेटाळण्यात आले. राजद्रोह व युद्धाची चिथावणी यांतील सीमारेषेच्या संदर्भात या निकालाचा पुढेही उल्लेख होत राहिला.

परिणाम

बाबारावांना खटल्यासाठी सत्र न्यायालयाकडे पाठविणारे नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात वध केला. कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आली.

कारावास व उत्तरायुष्य

बाबारावांची रवानगी अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये झाली. पुढे विनायकरावही तेथेच बंदी होते. १९१९ मध्ये पत्नी यशोदाबाई (येसूवहिनी) यांचे निधन झाले. अटकेने दुरावलेल्या या दांपत्याची पुन्हा भेट होऊ शकली नाही. १९२१ मध्ये बाबारावांना भारतातील तुरुंगात आणण्यात आले आणि १९२२ मध्ये खालावलेल्या प्रकृतीमुळे त्यांची सुटका झाली. त्यानंतर ते हिंदू संघटनाच्या कार्यात राहिले. 'राष्ट्रमीमांसा' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.